दारू सुटली होती, मग पोळ्याच्या करीला परत कशी लागली?

शरीरातून दारू निघून जायला फार वेळ लागत नाही. शेवटच्या ग्लासानंतर एक-दीड दिवसात रक्तात ती सापडत नाही, हातापायाची थरथर, घाम, झोप उडणं हे सगळं पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि साधारण आठवड्याभरात ओसरतं. या हिशोबानं आठ-दहा दिवसांत माणूस मोकळा व्हायला पाहिजे. आणि तरी कित्येक महिने थेंबही न घेतलेला माणूस एका संध्याकाळी भट्टीवर जाऊन बसतो आणि दुसऱ्या दिवसापासून आधी जिथं होता तिथंच परत. का?

हा प्रश्न आमच्या घरातला आहे. माझा चुलत भाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, उन्हाळा सुरू व्हायच्या आधी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला. जेवायला लागला, अंगावर मांस आलं, दुकानावर बसायला लागला, वहिनीनं अख्खा उन्हाळा देव पाण्यात ठेवून काढला. मग पोळा आला. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर, नागपुरात त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुका, महाल-इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, आणि दुपारनंतर कित्येक घरांत मटण आणि बाहेर दारू, हे इतकं ठरलेलं असतं की करीला न पिणाऱ्यालाच लोक विचारतात बरं नाही का म्हणून. दादा मारबत बघायला गेला आणि रात्री पिऊन आला.

काकू म्हणाली, "काहून असा करते बाप्पा हा? लेकराचं तोंड पाहून तरी थांबाव ना." एक नातेवाईक म्हणाले, तो मनानंच कमजोर आहे, पहिलेपासून. वहिनी काही बोललीच नाही.

मी अकरावी-बारावीच्या पोट्ट्यांना बायोलॉजी शिकवते, डीएनए, हिस्टोन, मिथाइल ग्रुप हे माझ्या रोजच्या फळ्यावरचे शब्द, त्यामुळे या विषयावरचं संशोधन शोधून शोधून वाचायला लागले आणि अजूनही वाचून राहिले. त्यातून जे हाती आलं ते नागपूरच्या घराघरांत पोचावं असं मनापासून वाटतं म्हणून हे लिहितेय. मुद्दा एकच आहे, दारू रक्तातून गेली तरी तिनं मेंदूच्या पेशींमध्ये, थेट जीनच्या आसपास, करून ठेवलेल्या खुणा महिनोन्महिने राहू शकतात, आणि घरच्यांनी काळजीचं कॅलेंडर त्या खुणांप्रमाणे मांडायला पाहिजे.

आता थोडं बायोलॉजी, कंटाळू नका, कारण याच्याशिवाय पुढचं समजणार नाही. आपल्या यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए सारखाच असतो, मग एक पेशी यकृत आणि दुसरी मेंदू कशी काय? कारण प्रत्येक पेशीत काही जीन चालू असतात, काही बंद. कोणते चालू, कोणते बंद, कोणते अर्धवट, हे ठरवणारी जी व्यवस्था डीएनएच्या वर बसलेली असते तिला एपिजेनेटिक्स म्हणतात, हा शब्द कॉनराड वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९४२ मध्ये वापरात आणला, तेव्हा तर डीएनएची रचनाही माहीत नव्हती. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर भरतो, तो डोळ्याला न दिसणाऱ्या केंद्रकात बसवायचा म्हणजे गुंडाळायलाच हवा, आणि संक्रांतीला आपण मांजा चक्रीवर गुंडाळतो तसा तो हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर गुंडाळलेला असतो, आठ हिस्टोनचा एक गठ्ठा आणि त्यावर डीएनएचे साधारण पावणेदोन वेढे. मांजा घट्ट बसला की सुटत नाही, ढिला असला की सरसर निघतो. जीनचंही तेच, जिथं वेढे घट्ट तिथला जीन वाचता येत नाही, जिथं ढिले तिथला वाचता येतो.

घट्ट आणि ढिलं कोण करतं? छोटे छोटे रासायनिक गट. हिस्टोनला ॲसिटिल गट चिकटला की साधारणपणे वेढा ढिला होतो आणि जीन चालू व्हायला मदत होते. ॲसिटिल काढून टाकणारी एन्झाइम्स असतात, त्यांना एचडॅक म्हणतात, ती काम करायला लागली की वेढा परत घट्ट. डीएनएवर मिथाइल गट बसला की बहुतेक वेळा जीन गप्प होतो. हिस्टोनवर मिथाइल बसला तर कुठं बसला त्यावर अवलंबून, काही जागी चालू, काही जागी बंद. जीनचं एक अक्षरही बदलत नाही, फक्त कोणता जीन किती वाचला जाईल ते बदलतं. आणि हे गट खाणं, ताण, आजार, बालपणात मिळालेली माया किंवा मार, आणि नशा, या सगळ्यानं बदलू शकतात.

मेंदूत खोल न्यूक्लियस ॲक्युम्बन्स नावाचा एक छोटा भाग आहे. जेवण, माया, कौतुक, जे जे काही आपल्याला "परत कर" असं वाटायला लावतं ते याच रस्त्यानं जातं, डोपामिन नावाच्या मेंदूतल्या रसायनाच्या मदतीनं. १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार घालून दाखवलं होतं की मेंदूच्या काही जागांना विजेचा हलका झटका मिळावा म्हणून उंदीर तासन्‌तास दांडी दाबत राहतात. दारू, अफू, कोकेन, निकोटीन, सगळ्यांची सुरुवात वेगवेगळी पण सगळे शेवटी याच रस्त्यावर जास्तीचं डोपामिन सोडायला लावतात. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. पण डोपामिन तर काही वेळात खाली येतं, त्यानं आजची नशा समजते, चार-पाच महिन्यांनंतरची तलफ नाही समजत.

तिथं न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या एरिक नेस्लर यांच्या गटाचं काम कामी येतं. त्यांनी अनेक वर्षं डेल्टा फॉस-बी नावाच्या प्रोटीनचा पाठपुरावा केला. नशा केल्यावर मेंदूत बरीच प्रोटीन्स तयार होतात आणि काही तासांत मोडून जातात, हे मात्र हट्टी आहे, रोजच्या नशेबरोबर साचत जातं आणि नशा थांबवल्यावरही कित्येक आठवडे टिकतं, आणि टिकून असेपर्यंत दुसऱ्या जीनना चालू-बंद करत राहतं. पुढे २०१० मध्ये याच गटानं उंदरांमध्ये दाखवलं की वारंवार कोकेन दिल्यावर न्यूक्लियस ॲक्युम्बन्समधलं जी-नाइन-ए नावाचं एन्झाइम कमी होतं. याचं काम हिस्टोनवर ठराविक जागी मिथाइल लावून जीन गप्प ठेवणं. ते कमी झालं म्हणजे जे जीन झाकलेले असायला हवेत ते उघडे पडले, आणि त्या भागातल्या चेतापेशींना जास्तीचे काटे फुटले, म्हणजे दुसऱ्या पेशींशी जोडणी करायच्या जास्तीच्या जागा तयार झाल्या. आणि शास्त्रज्ञांनी बाहेरून जी-नाइन-ए वाढवल्यावर उंदरांची कोकेनची ओढ कमी झाली. यात मला महत्त्वाचं हे वाटलं की पेशीचा आकार बदलतो. एखाद्याला "मन घट्ट कर" सांगताना आपण त्याला स्वतःच्या चेतापेशींचा आकार आज संध्याकाळपर्यंत बदलायला सांगत असतो.

पण दादा कोकेन घेत नाही, तो देशी पितो, त्यामुळे दारूचं काय हे मी जास्त लक्ष देऊन वाचलं, आणि तिथली गोष्ट तर त्याहून जवळची निघाली.

दारू यकृतात गेली की तिचं ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग ॲसिटेट, हे बारावीच्या पोरालाही माहीत असतं. ॲसिटेट रक्तात मिसळतं. पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या शेली बर्जर यांच्या प्रयोगशाळेनं २०१९ मध्ये उंदरांना खूण केलेले अणू असलेलं अल्कोहोल दिलं, आणि ते अणू कुठं जाऊन बसतात ते शोधलं. ते मेंदूतल्या हिस्टोनवर सापडले. म्हणजे यकृतात मोडलेल्या दारूचा तुकडा रक्तातून मेंदूत गेला आणि एका एन्झाइमनं तो उचलून ॲसिटिल गट म्हणून हिस्टोनवर चिकटवला, आणि तेही काही तासांत. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून वहिनीला फोन केला होता, कारण दारू मेंदूवर असर करते हे आपण म्हणतो पण इथं दारूचाच एक भाग जीनच्या वेष्टनाचा भाग होऊन बसतो.

त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट आहे. उंदीर ज्या खोलीत दारू मिळाली ती खोली लक्षात ठेवतात आणि मोकळे सोडले की तिकडेच जाऊन बसतात. ज्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी तयार होतात त्या भागात, हे ॲसिटिल चिकटवणारं एन्झाइम कमी केलं होतं त्यांना त्या खोलीची अशी ओढ लागली नाही. म्हणजे जागेची ओढ तयार व्हायला दारू स्वतःच साहित्य पुरवते. आता नागपुरात विचार करा. घरातून निघालं की चौकात भट्टी, तिच्या बाजूला चना-पोह्याचा ठेला, अंडी-भुर्जीच्या गाड्या, ओळखीचे चेहरे, ठराविक वास, ठराविक वेळ. बरं झालेला माणूस रोज दुकानावर जाताना-येताना या सगळ्यातून जातो. आणि करीच्या दिवशी तर अख्खं शहरच ती खोली होऊन जातं. दादाच्या बाबतीत नेमकं काय झालं हे त्याच्या मेंदूत शिरून कोणी पाहिलेलं नाही, पण उंदरांचं वाचल्यावर मला मारबतीच्या गर्दीतला तो वेगळा दिसायला लागला.

शिकागोला सुभाष पांडे नावाचे शास्त्रज्ञ आहेत, इलिनॉय युनिव्हर्सिटीत, दारू आणि एपिजेनेटिक्स या विषयातलं त्यांचं नाव फार मोठं आहे. त्यांच्या गटानं २००८ मध्ये ॲमिग्डालावर काम केलं, हा भाग भीती आणि घाबरेपणाचा. उंदरांना पहिल्यांदा दारू दिली की तिथं हिस्टोनवर ॲसिटिल वाढतं आणि उंदीर निवांत होतात. रोज दारू देऊन मग एकदम बंद केली की उलट, एचडॅक जोरात काम करायला लागतात, ॲसिटिल उतरतं, घाबरेपणा आटोक्यात ठेवणारं एनपीवाय नावाचं प्रोटीन कमी होतं आणि उंदीर घाबरे होतात. आणि एचडॅकला अडवणारं औषध दिलं की ॲसिटिल परत येतं, घाबरेपणा जातो.

दादा हेच सांगायचा. "सगळं ठीक आहे बे, पण संध्याकाळ झाली का जीव कसातरी होते, छातीत धडधडते, कशातच मन लागत नाही." घरच्यांना वाटायचं की हे बहाणे आहेत, प्यायला पाहिजे म्हणून नाटक चाललंय. मला पांडे यांचं काम वाचून पक्कं वाटतं की दारू सोडलेला माणूस घाबरल्यासारखं वाटतंय म्हणतो तेव्हा त्याचं ऐकून घ्यायला पाहिजे आणि ती गोष्ट डॉक्टरला सांगायला पाहिजे, कारण त्या घाबरेपणावर त्याला माहीत असलेलं एकच औषध चौकात मिळतं.

आता वेळेबद्दल. येल युनिव्हर्सिटीतल्या फ्रँक गॉविन आणि हर्बर्ट क्लेबर या डॉक्टरांनी १९८६ मध्ये कोकेन सोडलेल्यांबद्दल लिहिलं होतं की तलफ पहिल्या दिवसापासून सरळ कमी होत जात नाही, मध्ये शांत काळ येतो आणि मग ती परत डोकं वर काढते. २००१ मध्ये उंदरांवर हे नीट मोजलं गेलं, कोकेन बंद केल्यानंतर पहिल्या दिवशी इशारा दिला, म्हणजे कोकेन मिळताना जो दिवा किंवा आवाज असायचा तो दाखवला, तर उंदीर जेवढी धडपड करतात त्यापेक्षा खूप जास्त धडपड दोन महिन्यांनी करतात. दोन महिन्यांनी जास्त! हे वाक्य मी पोट्ट्यांना शिकवताना दोनदा म्हणते. आपल्या घरांत काय होतं, पहिला महिना सगळे पहाऱ्यावर, पैसे हातात देत नाहीत, मोबाईल बघतात, सोबत जातात, आणि दोन-अडीच महिने झाले की "आता ठीक आहे, सुटली" म्हणून सगळे आपापल्या कामाला लागतात, फॉलोअपला जायचं बंद होतं कारण जायला-यायला पैसे लागतात आणि दुकान बंद ठेवावं लागतं, नेमकं तेव्हाच सण येतो. नागपुरात तर पोळा, गणपती, दसरा, दिवाळी ओळीनं.

दारूइतकंच मला खर्ऱ्याबद्दल बोलायचंय, आणि त्याबद्दल जरा जास्तच बोलेन.

खर्रा म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायची गरज नाही. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत टाकून घोटायचं, पुडी बांधायची, तोंडात एका बाजूला दाबायची. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि खर्रा मात्र पानठेल्यावर समोर घोटून मिळतो. २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात बिडी-सिगरेट ओढणारे ३.८ टक्के प्रौढ निघाले आणि तंबाखू चघळणारे २४.४ टक्के, म्हणजे आपल्याकडचा प्रश्न धुराचा कमी आणि तोंडात दाबायच्या तंबाखूचा जास्त. सुपारी एकटीही साधी नाही, जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच तिला पक्क्या कॅन्सरकारक गोष्टींत टाकलंय, आणि तिच्यातलं ॲरेकोलिन मेंदूवर काम करतं. ज्यांचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही असे विशी-पंचविशीतले पोट्टे मी पाहिलेत, क्लासच्या बाहेरच्या ठेल्यावर पाहिलेत.

यात एपिजेनेटिक्स कुठं येतं? कोलंबिया युनिव्हर्सिटीत डेनिस कँडल यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं की पोरं नशेच्या गोष्टींकडे साधारण एका क्रमानं जातात, आधी तंबाखू-दारू आणि मग पुढचं. लोक म्हणायचे हा क्रम फक्त सवयीचा, आधी जे स्वस्तात मिळतं ते आधी, एवढंच. मग २०११ मध्ये त्या, त्यांचे नवरे नोबेल मिळवलेले एरिक कँडल, आणि अमीर लेव्हिन यांनी मिळून उंदरांवर प्रयोग केला. काही उंदरांना आठवडाभर पाण्यातून निकोटीन दिलं आणि मग कोकेन. त्यांचा कोकेनला प्रतिसाद नुसतं कोकेन दिलेल्या उंदरांपेक्षा कितीतरी जोरात आला. आधी कोकेन आणि मग निकोटीन असा क्रम उलटा केला तर तसं काही झालं नाही. कारण शोधलं तर परत हिस्टोनच, निकोटीननं एचडॅक दाबून ठेवले होते, त्यामुळे ॲसिटिल वाढलेलं, वेढे ढिले, आणि नंतर कोकेन आलं तेव्हा फॉस-बीचा, म्हणजे वरच्या त्या हट्टी प्रोटीनचा, जीन आधीच तयार बसलेला.

हा उंदरांचा प्रयोग आहे आणि कोकेनचा आहे, खर्रा खाणारा प्रत्येक जण दारुडा किंवा गर्दुल्ला होईल असं यातून निघत नाही, आपल्या प्रत्येकाच्या घरात आयुष्यभर तंबाखू खाऊन दुसरं काही न केलेले आजोबा असतात. पण नववी-दहावीतला पोट्टा, ज्याचा मेंदू अजून पंचविशीपर्यंत घडत राहणार आहे, त्याच्या दप्तरात खर्ऱ्याची पुडी सापडली तर "खर्राच खाऊन राहिला ना, दारू तर नाही पीत" असं जे मी शाळा-क्लासच्या पालकांकडून ऐकते ते ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. दादाचीही सुरुवात खर्ऱ्यानंच झाली होती. गडचिरोलीत, जिथं १९९३ पासून दारूबंदी आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या पुढाकारानं सुरू झालेला मुक्तिपथ हा कार्यक्रम दारूबरोबर तंबाखू आणि खर्ऱ्यावरही काम करतो, दोन्ही एकत्र धरतो, हे मला फार बरोबर वाटतं. नागपुरात आपण अजून दोन्ही वेगळे धरतो, एक व्यसन आणि एक टाइमपास.

मी ज्या ज्या अभ्यासांबद्दल लिहिलं त्यातले जवळजवळ सगळे उंदरांवरचे आहेत, हे लक्षात ठेवूनच वाचा. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून हिस्टोन बघता येत नाहीत, माणसांचं जे काम झालं ते बहुतेक मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूवर, त्यात कोणती खूण नशेनं आली आणि कोणती आधीपासूनच्या ताणानं, उपाशीपणानं, आजारानं, हे वेगळं करणं अवघड. म्हणून कोणी तुमच्याकडून पैसे घेऊन "व्यसनाची एपिजेनेटिक टेस्ट" करून देतो म्हणाला तर देऊ नका. एचडॅक अडवणारी औषधं आहेत, व्होरिनोस्टॅट नावाचं एक अमेरिकेत २००६ पासून एका प्रकारच्या त्वचेच्या लिम्फोमासाठी मंजूर आहे, पण ती सगळ्या शरीरात सगळीकडे काम करतात, व्यसनासाठी असं एकही औषध अजून मंजूर नाही.

खुणा पुसल्या जातात का? काही पुसल्या जातात. सिगरेट ओढणाऱ्यांच्या रक्तात एएचआरआर नावाच्या जीनवरचं मिथाइल कमी झालेलं असतं, इतकं ठळक की त्यावरून माणूस ओढतो का ते बऱ्यापैकी सांगता येतं, आणि सिगरेट सोडल्यावर ते वर्षानुवर्षं हळूहळू परत भरत जातं. हे रक्तातलं आहे, मेंदूतलं नाही, पण शरीर परत येऊ शकतं एवढं तर दिसतं. आणि जागेबद्दल सांगते. व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन सैनिकांपैकी साधारण पाचातला एक तिथं हेरॉइनच्या पूर्ण आहारी गेला होता, सरकार घाबरलं होतं की हे सगळे परत आले की काय होईल. ली रॉबिन्स या संशोधिकेनं १९७१ मध्ये परतलेल्यांचा पाठपुरावा केला तर आहारी गेलेल्यांपैकी बहुतेक जण घरी आल्यावर परत त्या विळख्यात गेले नाहीत. ती जागा, ते सोबती, ती भीती, सगळं सुटलं होतं. माझ्या दादाला मात्र केंद्रातून थेट त्याच चौकात परत यावं लागलं, कारण घर तिथंच आहे.

म्हणूनच आपल्याकडे परमात्मा एक मार्ग या पंथात गेलेल्या लोकांबद्दल मला आदर आहे. नागपूर, भंडारा भागात महानत्यागी बाबा जुमदेवजींचे सेवक असलेली किती घरं आहेत जिथं बापाची दारू सुटली. तिथं अख्खं घर एकत्र जातं, दारू असलेल्या कार्यक्रमांना जाणं थांबतं, उठबस बदलते, आठवड्याच्या आठवड्याला बसणं होतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मिटिंगांतही माणसाला बसायला दुसरी जागा मिळते. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा, मी बायोलॉजीवाली म्हणून एवढं बघते की माणसाचे इशारे बदलले जातात आणि ते दोन-तीन महिन्यांवर न थांबता वर्षानुवर्षं चालू राहतं.

माझ्या भाच्यानं, दादाच्या मुलानं, मला विचारलं, आत्या, पप्पांचं माझ्यात पण येईल का? बारा-तेरा वर्षांचं लेकरू. मी त्याला खरं तेच सांगितलं. व्यसनाचा धोका अंदाजे ४० ते ६० टक्के आनुवंशिक असतो असं जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासातून दिसतं, म्हणजे त्यानं बाकीच्यांपेक्षा जास्त सांभाळावं लागेल, पहिली पुडी, पहिला घोट या गोष्टी त्याच्यासाठी इतरांसारख्या साध्या नाहीत. पण ठरलेलं काही नाही. आणि हेही सांगितलं की २०१३ मध्ये कोकेन घेणाऱ्या नर उंदरांच्या पिल्लांवर एक प्रयोग झाला, सगळ्यांना वाटलं होतं पिल्लं कोकेनकडे जास्त ओढली जातील, तर त्यांचे मुलगे उलट कमी कोकेन घेणारे निघाले, आणि बापाच्या शुक्राणूंमध्ये हिस्टोनवरचे बदल सापडले. "म्हणजे उलटं पण होते?" भाचा म्हणाला. हो, उलटं पण होतं. वारसा इतका सरळ नसतो, दारुड्याचं पोरगं म्हणून वस्तीतले लोक ज्या खात्रीनं बोलतात तेवढी खात्री कोणत्याच शास्त्रज्ञाला नाही.

दादा आता परत उपचार घेऊन राहिला. या वेळी केंद्रातून आल्यावर मानसोपचार तज्ज्ञाकडे जाणं बंद होऊ दिलं नाही, संध्याकाळच्या त्या घाबरेपणाबद्दल वहिनीनंच डॉक्टरांना सांगितलं, आणि तलफ कमी करणारी गोळी सुरू आहे. अशा गोळ्या असतात हेच कित्येक घरांना माहीत नसतं. नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट ही काही नवीन औषधं नाहीत. २०१९ मध्ये एम्सनं केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाप्रमाणे दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळतो, ॲडमिट होऊन उपचार तर १८० मध्ये एकाला. बाकीच्यांना आपण काय देतो तर शपथ, नाहीतर शिव्या.

ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका झटक्यात बंद करू नका, पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, जिवावर बेतू शकतं, म्हणून बंद करायच्या आधी डॉक्टरकडे न्या. नागपुरात मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजला, मानसोपचार ओपीडी आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मिहानला एम्स आहे, तिथं गेल्यावर फक्त "दारू सोडवा" म्हणू नका, तलफेची गोळी चालेल का, झोप आणि घाबरेपणाचं काय करायचं, आणि पुढच्या वर्षभरात कधी कधी यायचं हे विचारा, तारखा लिहून घ्या, सणांच्या आधीची एक तारीख त्यात मागून घ्या. सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मन फार खचलं असेल तर टेली-मानसचा नंबर १४४१६, फोन पिणाऱ्यानंच करायला पाहिजे असं नाही, घरच्यांनी केला तरी चालतो.